डिस्कचा पहिला कप्पा

‘या डिस्कवरून संगणक चालू आहे. तिच्या सुरुवातीच्या भागावर काहीही लिहिता येणार नाही.’

पडद्यावर तिसऱ्यांदा तेच आलं. धाकटा हसला. लोकांचे संगणक दुरुस्त करण्यात त्याची दहा वर्षं गेली होती; असली राखण कशी चुकवायची ते त्याला तोंडपाठ होतं. आई डोळे तपासायला गेली होती, यायला तासभर होता. त्यानं तिचा संगणक बंद केला आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू केला. आता डिस्क नुसतीच जोडलेली होती, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं.

डिस्कच्या पहिल्या कप्प्यात फारसं काही नसतं. सुरुवात कुठून करायची आणि काय कुठे ठेवलंय, एवढंच. पण तेवढं पुसलं की डिस्क मेल्यासारखी पडते, आतलं सगळं जागच्या जागी असूनही. धाकट्यानं त्या कप्प्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आणि मूळ कप्पा पुसून टाकला.

आत थोरला भाऊ होता, त्याच्या व्हिडिओंमधून. त्याचं हसणं, त्याचं बोलणं, मुलाखतीआधी आरशासमोर केलेली तयारी. थोरला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आई रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायची. जिवंतपणी हाच थोरला महिन्यातून एकदा फोन करायचा, तोही घाईत. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं धाकट्याच्या मनात येई आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे. नळ गळला, औषध संपलं, की धावायचं यानं. आईनं एकदा आपल्यासमोर रडावं, ‘तूच कर रे काहीतरी’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मग दहा मिनिटांत तो थोरल्याला परत आणून देणार होता.

आईचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच केला.

“काय चाललंय?”

“काही नाही. जेवलास का?”

आवाज बसलेला होता. रडलेली दिसतेय. त्याला बरं वाटलं. अजून थोडं पिकू दे, म्हणत त्यानं आणखी दोन दिवस काढले.

चौथ्या दिवशी तो गेला तेव्हा संगणक चालू होता. नवा कोरा पडदा, आत काही नाही.

“यातलं सगळं कुठे गेलं?”

आईनं कपाटातून रुमालात गुंडाळलेली जुनी डिस्क काढली. तिच्या मधोमध आरपार भोक होतं.

“कोपऱ्यावरच्या दुकानात नेला होता. दुकानदार म्हणाला, डिस्क मेली, आत काही उरलं नाही. मेलेली डिस्क ते भोक पाडूनच परत देतात, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. नवी बसवून दिली त्यानं.”

धाकट्याचा हात खिशातल्या पेनड्राइव्हवर होता. तो तिथेच राहिला.

“मी हेच काम करतो ना, आई? मला का नाही बोलावलंस?”

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तो गेला तेव्हा तुझं काय झालं होतं, ते पाहिलंय मी. म्हटलं, माझं काय, मी रडून घेईन. पण तो दुसऱ्यांदा गेला हे तुला नसतं रे सोसवलं.”