रीड भिजेपर्यंत

पस्तीस वर्षं वामनरावांनी तेल्हाऱ्याच्या बँडात अल्टो सॅक्सोफोन वाजवला. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली आणि तो पेटीत गेला. महिनाभरानं त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनीच पेटी उघडली.

"तुमी बोटं दाखवा, फुकीन मी."

वामनरावांनी रीड काढली, बोटभर लांबीची चपटी पत्ती. "जिभेवर धर. कोरडी रीड वाजत नाई. पाच मिनिटं बोलू नको."

इंदूबाई रीड तोंडात धरून बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचे डोळे मोठे झाले. लग्नसराईत रोज त्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "कवा येसान?" आणि हे नुसती मान हलवून गाडीत बसायचे. निघताना माणूस 'येतो' तरी म्हणतो. हे गाऱ्हाणं माहेरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग दाराकडे.

"हो," वामनराव म्हणाले. "गाडीतून उतरलं का लगेच वाजवा लागे. म्हणून घरूनच तोंडात धरून निंगो."

इंदूबाईंनी कपाळाला हात लावला.

"सांगतलं असतं, पन तू विचारे तवाच रीड तोंडात राहे."

वामनरावांनी पायात चपला सरकवल्या. रीड भिजेपर्यंत कोपऱ्यावरून दूध आणायचं होतं. दारात ते थांबले, मागे वळले.

"येतो, इंदू."

इंदूबाईंनी नुसती मान हलवली.