डावा कान

डॉक्टर भार्गव बराच वेळ बोलत होत्या, आणि ते सगळं कौशिकशी. मधुमतीबाईंच्या वाट्याला त्यांचा एक गाल आणि हलणारं कानातलं तेवढं आलं. ओठ दिसले असते तर निदान अर्धं तरी पकडता आलं असतं. मध्येच एकदा मुलाचा चेहरा उतरला आणि त्याने तो लगेच सावरला, हे मात्र त्यांना नीट दिसलं. कान गेले की माणसाचे डोळे आगाऊ होतात.

मग तो आईकडे वळला आणि तोंड मोठं उघडून म्हणाला, "छोटंसं ऑपरेशन. कानात तार घालतात, तिला औषध लावलेलं असतं. मतलब, एकदम सेफ."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढ्या मोठ्या दळणाचं इतकंसं पीठ. पाणी कुठंतरी मुरत होतं.

टेबलावर छोट्या स्टँडवर कॅमेरा होता. कानात बसवायच्या नव्या इम्प्लांटच्या चाचणीत घ्यायचं तर पेशंटची संमती अशी चित्रित करायची, आणि आपल्याला काय समजलं ते पेशंटनेच स्वतःच्या शब्दांत सांगायचं. डॉक्टरांनी तो चालू केला आणि पहिल्यांदाच त्या मधुमतीबाईंकडे वळल्या.

"माताजी, बताइए, आप क्या समझीं?"

कॅमेऱ्याच्या मागून कौशिकने ओठ हलवले. सगळं समजलं म्हण.

मान डोलवण्यात मधुमतीबाईंचा हात कुणी धरू शकलं नसतं. लग्नात, बारशाला, जगतपुऱ्याच्या सोसायटीतल्या बैठकांना त्या अशाच डोलवत आल्या होत्या. एकदा शेजारीण आपली सासू गेल्याचं सांगत होती आणि या हसून "बढिया, बढिया" म्हणाल्या होत्या. ती अजून बोलत नाही. त्याची आठवण झाली की त्यांना अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"मला काहीही समजलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज बराच मोठा लागला असावा, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली.

"आई, हळू. कॅमेरा चालू आहे."

"म्हणूनच सांगतेय." त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "डॉक्टरसाब, कान मेरा है. मेरे से बोलिए."

डॉक्टर ओशाळल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. मधुमतीबाईंनी त्यांच्या ओठांवरची नजर हलवली नाही. शब्द निसटला की हात वर, फिर से. तारेतून औषध हळूहळू सुटतं. त्यामुळे आतली सूज कमी राहील अशी आशा आहे, खात्री नाही. काहींना औषधाची तार, काहींना साधी. कुणाला कोणती ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार, आणि चाचणी संपेपर्यंत कुणाला सांगणार नाहीत.

"आपको तो मालूम होगा?"

"नहीं. मुझे भी नहीं."

"चला. कुणीतरी माहीत नाही म्हणालं."

पुढच्या वाक्याला डॉक्टर अडखळल्या. त्यांनी कौशिककडे पाहिलं. मधुमतीबाईही त्याच्याकडे वळल्या.

"हे तू सांग. मराठीत."

कौशिकचं मराठी घरापुरतं. ते आता कमी पडू लागलं. "तार घालताना... डाव्या कानात तुला अजून थोडं ऐकू येतं ना, ते पण जाऊ शकतं. औषध असलं तरी. मतलब, मशीनने ऐकू येईल. पण तुझं स्वतःचं जे आहे, ते परत नाही येणार."

"आणि हे तू गिळून बसलास."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग म्हणाले असते. तेवढं तरी मला म्हणू द्यायचंस."

राग एकट्या मुलावर नव्हता. काय म्हणाले ते, असं विचारलं की "काही नाही, असंच" म्हणून पाठीवर थोपटणाऱ्या सगळ्या मायेच्या माणसांवर होता. कौशिकच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पाहूनही राग उतरला नाही, याचं त्यांना जरा नवलच वाटलं.

त्या कानात उरलं होतं तरी काय? गच्चीवरच्या पाण्याच्या मोटरची घरघर. टोंक रोडवर ट्रक गेला की त्याचा गडगडाट. आणि कौशिकने अगदी जवळ येऊन हाक मारली तर तिचा घुमारा. शब्द नाही, पण हाक त्याचीच आहे एवढं कळायचं. तेवढ्यावर त्यांचा जीव होता.

"राहू दे," कौशिक म्हणाला. "नको करू. चल घरी." सकाळपासून पळत्याच्या मागे लागलेल्या पोराला आता हातचं आठवलं होतं.

मधुमतीबाईंनी पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं. मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत त्यांनी सगळं सांगितलं. औषधाचं सांगितलं, चिठ्ठ्यांचं सांगितलं. आशेचं सांगितलं आणि तिची खात्री नाही हेही सांगितलं. डाव्या कानात आज जे येतं ते उद्या कदाचित येणार नाही, हे त्यांनी आवाज न हलू देता सांगितलं. डॉक्टरांनी एका शब्दानेही मदत केली नाही, तशी गरजच पडली नाही.

"ये सब समझके मैं तैयार हूँ," त्या शेवटी म्हणाल्या.

कौशिक उठून पुढे आला. आता तो त्यांच्या समोर, ओठ नीट दिसतील असा उभा राहिला.

"आई, खरंच गेलं तर?"

"गेलं तर मला विचारून जाईल," मधुमतीबाई म्हणाल्या. "आजवर जे गेलं, ते न विचारता गेलं."