नकाशाबाहेरची जागा

एक लाल टाचणी. डोकेदुखीच्या तीन गोळ्या. करंडीतल्या सफरचंदांचा आंबूस वास. सात गावांचे सात नकाशे, आणि प्रत्येकात आपलंच गाव मधोमध.

सातही गावांसाठी मिळून एक शीतगृह कुठे बांधायचं, हे सात गावांच्या सात जणांच्या या बैठकीत संध्याकाळपर्यंत ठरलं नाही तर योजना रद्द होणार होती. मग बागवाल्या मावशींची फळं याही वर्षी सडणार.

"आमच्याकडेच!" पलीकडच्या गावचा लोहार पुन्हा म्हणाला.

"का रे दादा, खिळे गार करायचेत?" मावशी कडाडल्या. त्यांनी तरातरा सगळे नकाशे जमिनीवर गोलाकार मांडले, कडेला कड लावली. सातही गावांतून निघालेले रस्ते कागद संपला तिथे थांबले होते आणि मधे वीतभर फरशी उघडी राहिली होती. तेवढी जागा कुणीच काढली नव्हती.

मावशींनी त्या उघड्या फरशीवर बोट ठेवलं. "अहो, हे बघा! ही कुणाची?"

"कुणाचीच नाही की!" म्हणत लोहारानेच टाळीसाठी हात पुढे केला. सगळे पोरांसारखे गुडघ्यांवर बसले. मावशींनी टाचणी फरशीवर ठेवली.

सकाळी बैठकीला येताना सातही जणांनी त्याच जागी, सातही रस्ते मिळतात त्या फाट्यावर, बस बदलली होती.