राखेतलं बोट

महायुद्धात बॉम्ब पडून आमच्या गावच्या मठातलं चॅपल जळून खाक झालं, पण तिथे शतकानुशतकं जपून ठेवलेलं संत ओडविनांचं बोट म्हणे राखेत जसंच्या तसं सापडलं. तेव्हापासून त्या बोटाच्या दर्शनाला बेल्जियममधला अख्खा फ्लँडर्स प्रांत लोटतो आणि आमच्या निम्म्या गावाची चूल त्यावरच पेटते.

यंदा मदर रेनिल्डांना मठाचा इतिहास छापायची हौस आली, म्हणून त्यात पुराव्यादाखल छापायला त्यांनी बोटाचा एक्स-रे काढून घेतला.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीसमोर धरली. "मदर, तुमच्या संत कितव्या वर्षी वारल्या?"

"एक्याऐंशीव्या. का हो?"

"हे बोट ज्या पोरीचं आहे, ती फार तर पंधरा-सोळाची असेल."

"काहीतरीच काय! तुमचं मशीन बिघडलंय." मदर खो खो हसल्या. "सिस्टर गोदेलीव, यांना जरा कडक कॉफी द्या, झोप उडू दे!"

सत्तरीच्या सिस्टर गोदेलीवनी नेहमीसारखा उजवा हात झग्यात लपवून डाव्या हाताने कप ठेवला.

 

"पंधराची होते मी, डॉक्टर. तेव्हाच्या मदर म्हणाल्या, लहान पोरीची जखम लवकर भरते."