नवी गिटार, जुना रंग

"नवी गिटार अन् इतकी खरवडलेली? वापस पाठवा," मागे उभी असलेली रिना म्हणाली.

बायकोच्या अज्ञानाची मला कीव आली. मांडीवरची गिटार कुरवाळत मी तिला समजावलं, की हल्ली इलेक्ट्रिक गिटार मुद्दाम जुन्या जमान्यातल्यासारखी बनवतात. हात घासतो तिथला रंग कारखान्यातच उडवतात, दांडी पिवळट करतात, स्क्रूंना गंज चढवतात.

"आपल्या चिमूरच्या उन्हात एक उन्हाळा छतावर ठेवली असती तं अशीच झाली असती. मान सरळ ठेवा."

मी मान सरळ केली, पण मत आवरलं नाही. मला कॉर्ड चारच येतात, मतं मात्र भरपूर आहेत. "कंपनी बटणांत चुकली. सारं अंग म्हातारं अन् बटणं चकाचक. डोळ्याले खुपते. वयाची लाज काऊन वाटावी? उमर लपवणं म्हणजे बेइमानी हाय."

"अन् नसलेली उमर दाखवणं?"

"तुले नाई समजत. त्याले कॅरेक्टर म्हणतात."

"बरं. म्हणजे आज विहारातल्या प्रोग्रामात गिटार म्हातारी दिसन अन् तुमी जवान," असं म्हणत तिनं डायच्या वाटीत पुन्हा ब्रश बुडवला आणि ती माझ्यासमोर आली. "डोकं झालं, मिशा राह्यल्या. आता तोंड बंद ठेवा, नाई तं दातही काळे होतीन."