तीन बोगद्यांची एक बाई

कंपनीचे भोर-वेल्ह्याच्या डोंगरात तीन बोगदे चालले होते. खडक तपासणारी बाई इंजिनियर एकच, गायत्रीताई. प्रत्येक बोगद्यावर बाई हवीच, असा नियम. बाया मोजायला पुण्याचे साहेब निघाले की मी, कंपनीचा ड्रायव्हर, आडवाटेनं जीप अशी हाणायचो, की आमची सावली मागनं धापा टाकत यायची. ताई चालत्या गाडीत पुढल्या बोगद्याचं हेल्मेट चढवायची. साहेब हेल्मेटं मोजायचे, तोंडं न्हाई. बोगद्यात मात्र तिला कुणी पाऊल टाकू दिलं न्हाई. “आज साहेबांना सगळं सांगते, काका,” ती मला म्हणाली. तर आंबवड्याच्या चढावर साहेबांचीच गाडी बंद पडलेली. ते आमच्या जीपमध्ये तिन्ही हेल्मेटं मांडीवर घेऊन बसले. ताईनं घडाघडा सांगितलं, “मला फक्त खडक बघू द्या.” साहेब हळूच म्हणाले, “सोमवारी आमच्याच ऑफिसची मोजणी आहे, तिथं एकही बाई नाही. याल?”