डावीकडे ओढणारी गाडी

दुरुस्तीवाला गेमच्या डब्याचे स्क्रू काढत होता आणि तो डबा पुन्हा सुरू होऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं.

नवरा मात्र काउंटरवर कोपरं टेकून, तापलेलं मूल डॉक्टरला दाखवायला आणावं तसा वाकून बघत होता. केस कॉलरच्या आत शिरलेले, कानांवर झुपके. तिच्या आजारपणापासून त्या डोक्याला कात्री लागली नव्हती. तिचं बायकांचे केस कापायचं दुकान. पुरुष गिऱ्हाईक एकच, तेही घरचं. शेजारचे त्याला ‘बुवा’ म्हणायला लागले होते. केस का वाढवलेत विचारलं, तर म्हणे वेळच मिळत नाही. निवृत्त होऊन घरी बसलेला माणूस!

ती डावखुरी, आणि वारं गेलं तेही नेमकं डाव्या हातावरून. दुकानाला कुलूप लागलं. पुढे हात उचलायला लागला, पण बोटं ऐकेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं की घरात एखादा गेम असेल तर खेळा, अंगठ्याला वळण लागेल. नोकरीला परगावी गेलेल्या लेकीचा गेम माळ्यावर पडून होता. तो खाली आला आणि रोज संध्याकाळी नवरा-बायको गाड्यांची शर्यत लावू लागले. गाडी आपोआप पळायची, आपण फक्त डाव्या अंगठ्याने वळवायची. सुरुवातीला तिची गाडी खांब, कुंपण, दिसेल त्याला धडकायची. मग सरळ धावायला लागली. एकदा तर तिने नवऱ्याला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कपाटातली कात्री काढून तिला तेल दिलं.

आणि मग गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली. आधी जराशी, नंतर सरळ भिंतीतच. ती कुणाला बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लक्ष नव्हतं, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो, असं काहीबाही सांगत राहिली. परत येता येता हात पुन्हा गेला होता आणि हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती. अशात तो डबाच बंद पडला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ती निवांत झाली.

पण नवरा हटून बसला. दुरुस्त तरी करू, नाहीतर नवा घेऊ. लेकीनेही फोनवरून त्याचीच री ओढली. ती स्वतः मात्र म्हणाली, भंगारात द्या. दुरुस्त केला काय आणि नवा आणला काय, गाडी तरीही भिंतीतच गेली तर मग कुणाला नावं ठेवायची? हे अर्थात ती मनातच म्हणाली. त्याने डबा टॉवेलात गुंडाळला, तिचा पिवळी पट्टी लावलेला कंट्रोलर पिशवीत टाकला आणि तिलाही सोबत आणलं.

आतला पंखा धुळीने जाम झाला होता, एवढंच. दुरुस्तीवाल्याने ब्रश फिरवला, वायर जोडली आणि डबा घुरघुरत सुरू झाला.

त्याने भिंतीवरच्या टीव्हीवर शर्यत लावली आणि पिवळ्या पट्टीचा कंट्रोलर तिच्यापुढे सरकवला. म्हणाला, काकू, एक फेरी मारून बघा. तीही नवऱ्यादेखत! तिने डावा हात पाठीमागे घेतला. तुम्हीच बघा, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शर्यत सुटली.

कंट्रोलर काउंटरच्या काचेवर तसाच पडून होता. त्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता. टीव्हीतली गाडी निघाली, जराशी डावीकडे सरकली आणि सरळ भिंतीत गेली.

दुरुस्तीवाल्याने ती रस्त्यावर आणून सोडली. गाडी पुन्हा भिंतीत.

“डबा ठणठणीत आहे, पण हा कंट्रोलर गेलाय,” तो म्हणाला. “अंगठ्याखालची दांडी झिजलीय, आपोआप डावीकडे ओढते. बरेच दिवस चाललं असेल हे. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“पुन्हा एकदा दाखवता?” तिने विचारलं.

त्याने दाखवलं. गाडी इमानेइतबारे भिंतीवर आपटली. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. नवऱ्याला काहीच उमगेना. तो एकदा टीव्हीकडे बघे, एकदा तिच्याकडे.

दांडी बदलून देऊ की नवाच कंट्रोलर घेता, असं दुरुस्तीवाला विचारत होता. तिने पाठीमागचा हात पुढे काढला आणि नवऱ्याच्या कानावरचा झुपका दोन बोटांत धरला. हलकेच ओढून पाहिला. सुटला नाही.

“ते नंतर बघू,” ती म्हणाली. “अहो, आधी घरी चला. केस काय झालेत हे तुमचे.”